माझा निम्मा हिस्सा

"साक्षीदार नंबर दोन कोण?" खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

जयसिंगनं, माझ्या धाकट्या भावानं, माझ्या पाठीला हात लावून मला पुढं केलं. "ही. माझी थोरली बहीण."

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. कराडच्या नोंदणी कार्यालयात सकाळी अकरापासून आम्ही बाकावर बसलो होतो. खरेदीखताच्या वेळी घेणाऱ्याचा फोटो काढतात आणि तो कायमचा दस्तावर राहतो, असं ऐकलं होतं, म्हणून मी दिवाळीतली मोरपंखी साडी नेसून आले होते. ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती.

"बाई, मी साक्षीदार नाही," मी म्हणाले. "घर मी घेतेय. आम्ही दोघं घेतोय."

त्या बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं, मग जयसिंगकडं, आणि कागदांचा गठ्ठा खिडकीतून बाहेर सरकवला. "वाचा तुम्हीच. माझ्यापुढं जे आलंय ते मी बघते."

मी पाटबंधारे खात्यात टायपिस्ट. तेव्हा नोकरीला एकवीस वर्षं झाली होती. सरकारी मराठी रोज माझ्या बोटांतून जायची, त्यामुळं असला कागद वाचायला मला दोन मिनिटं पुरली. तिसऱ्या पानावर 'लिहून घेणार', म्हणजे घर विकत घेणारा. तिथं एकच नाव होतं. श्री. जयसिंग दत्तात्रय मोहिते, वय ३५, धंदा व्यापार. माझं नाव शोधत मी पानं उलटत गेले, आणि ते सापडलं शेवटच्या पानावर, तळाला. साक्षीदार दोन, श्रीमती शालन दत्तात्रय मोहिते, वय ४३, धंदा नोकरी. साक्षीदार एक होता बबन, जयसिंगचा मित्र. तो जमिनी-फ्लॅटच्या दलालीतला होता आणि कागद त्यानंच करून आणला होता.

माझ्या पर्समध्ये बिल्डरच्या नावाचा ड्राफ्ट होता. त्या फ्लॅटच्या किमतीचा निम्म्याहून थोडा जास्तच भाग. माझा फंड, आणि वर ऑफिसच्या सोसायटीचं कर्ज, जे पुढची नऊ वर्षं माझ्या पगारातून कापलं जाणार होतं.

"जयसिंग, हे काय आहे?"

"ताई, इथं नको. घरी बोलू."

"घरी बोलायचं होतं तर कागद घरी दाखवायचा होतास."

"अगं, बबन म्हणाला एकाच नावावर सोपं पडतं. पुढं लाइट बिल, घरपट्टी, सगळ्याला दोन-दोन सह्या. तुझीच धावपळ वाचावी म्हणून केलं."

बबन पुढं झाला. "अक्का, नावात काय असतंय? भाऊ काय तुम्हाला बाहेर काढणार आहे का?"

"तुम्ही गप्प बसा," मी म्हणाले.

जयसिंगचा चेहरा लाल झाला. बाकावरची माणसं आता आमच्याकडं बघत होती. एका म्हातारबाबांनी नीट ऐकू यावं म्हणून पुढं सरकून घेतलं. जयसिंग दबक्या आवाजात म्हणाला, "एवढा विश्वास नाही माझ्यावर?"

"आहे की. तुझा आहे का माझ्यावर?"

"म्हणजे काय? आहेच."

"मग माझ्या एकटीच्या नावावर करू. सोपंच पडायचं ना? तू साक्षीदार म्हणून सही कर."

जयसिंग बबनकडं बघायला लागला. बबननं घड्याळात बघितलं. बिल्डरचा माणूस भिंतीशी उभा होता, तो बाहेर निघून गेला. मी कागदांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवला, पर्सची चेन लावली आणि पायऱ्या उतरले. पाठीमागून जयसिंगनं दोनदा हाक मारली. मी थांबले नाही. रागाच्या भरात मी भराभर चालत होते.

मला एवढा राग का आला, हे सांगायला हवं. नवऱ्याच्या घरात मी नऊ वर्षं काढली. इस्लामपूरला. त्या घराच्या भिंतींना दर वर्षी चुना मी लावायचे. मागची मोरी माझ्या पगारातून बांधली होती. आणि एका दुपारी, भांडण कशावरून झालं तेही आता आठवत नाही, तो म्हणाला, "घर माझं आहे. पटत नसेल तर चालू लाग." मी चालू लागले. एक ट्रंक आणि ऑफिसची बॅग. शेजारच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं होतं की पुन्हा ज्या घरात राहीन, तिथून मला चालू लाग म्हणायचा अधिकार कुणालाही असणार नाही. पुढची चौदा वर्षं आई, जयसिंग आणि मी सोमवार पेठेतल्या भाड्याच्या तीन खोल्यांत राहिलो. जयसिंगचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान उभं राहिलं, त्याचं लग्न झालं, उर्मिला आली, त्यांना मुलगी झाली. आणि फ्लॅट घ्यायचं ठरलं तेव्हा तोच म्हणाला होता, "ताई, आपण दोघं मिळून घेऊ." आपण दोघं. हे शब्द त्याचे होते.

घरी पोचले तर आई चौकटीला टेकून बसली होती. माझ्या तोंडाकडं बघून ती म्हणाली, "सही केली न्हाईस न्हवं?"

तेव्हा मला कळलं. "तुला माहीत होतं?"

आई पदरानं तोंड पुसत राहिली.

"आई, तुला माहीत होतं?"

"म्याच म्हनलं त्याला," ती म्हणाली. "आगं, तुज्यामागं कोन हाय? ना मूल, ना बाळ. उद्या तुजं काय बरंवाईट झालं तर तुजा त्यो नवरा यील हिस्सा मागायला. कागदावर अजून त्योच हाय न्हवं तुजा नवरा?"

"त्यासाठी मृत्युपत्र करता येतं. वकिलाला विचारता येतं. मला विचारता येतं! मला फसवून साक्षीदार करायची काय गरज होती?"

"फसवून कशाला म्हनतीस? घर काय परक्याचं हाय? म्या न्हाई का दिली सही माज्या भावास्नी? वडिलांची पाच एकर. अंगठा दिला, लुगडं घेतलं, आन् घरला आले. काय बिघडलं माजं?"

"काय बिघडलं? आमचे वडील गेले तेव्हा तुझ्या कुठल्या भावानं तुला पोतंभर ज्वारी पाठवली? सांग ना, कुणी पाठवली?"

आईनं नजर दुसरीकडं वळवली. ते बघून माझा राग शांत व्हायला हवा होता. तो आणखी चढला. एका लुगड्यावर पाच एकर सोडून आलेली बाई स्वतःच्या मुलीला तेच करायला सांगत होती, आणि तेही मायेनं! उर्मिला आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. सगळं तिनं ऐकलं असणारच. मी तिच्यावरही घसरले.

"तूच कान भरलेस ना त्याचे? नणंदेचं नाव नको म्हणून?"

उर्मिलानं तांब्या खाली ठेवला. ती कधी आवाज चढवून बोलायची नाही, तेव्हाही चढवला नाही. "ताई, मला तर त्यांनी कागद दाखवलासुद्धा नाही."

ती आत गेली. तिच्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, दोन्ही हातांत, नुसत्या. एरवी त्यांच्या पुढंमागं सोन्याच्या पाटल्या असायच्या. तिच्या माहेरच्या. तिच्या वडिलांनी ऊस कारखान्याला गेल्यावर दोन हंगामांचे पैसे साठवून केलेल्या, जाड, कोरीव काम केलेल्या. गेल्या तीन आठवड्यांपासून त्या तिच्या हातात नव्हत्या. आणि गळ्यातला राणीहारही नव्हता. मी ते बघितलं होतं. पाटल्या कुठं गेल्या, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. जयसिंगच्या वाट्याचे पैसे एकाएकी कुठून पूर्ण झाले, ते मला समजत होतं. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात माझ्याच नावाचा गोंधळ चालू होता. दुसऱ्या कुणासाठी तिथं जागा नव्हती.

आठ दिवस जयसिंग माझ्याशी बोलला नाही. जेवायला बसला की ताटाकडं बघून जेवायचा. मीही बोलले नाही. ड्राफ्ट मी ऑफिसच्या कपाटात कुलपात ठेवला होता. बिल्डरचे फोन येत होते. महिनाअखेरपर्यंत दस्त झाला नाही तर फ्लॅट दुसऱ्याला देतो म्हणत होता, आणि दिलेले विसाराचे पैसे जयसिंगचे होते.

नवव्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी वेणी घालत होते.

"निम्मं तुझं, निम्मं माझं," तो म्हणाला. "दोघांची नावं. हिस्सा लिहून. झालं समाधान?"

"वकील मी ठरवणार."

"ठरव."

"बबन नको."

"नको तर नको." तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खोटं नव्हतं ते. "चारचौघांत मला चोर ठरवलंस, ताई. मी काय तुझं खाणार होतो का?"

मी वेणी घालत राहिले. जिंकलेल्या माणसाला उत्तर द्यायची गरज वाटत नाही.

निकम वकिलांचं ऑफिस दत्त चौकाजवळ, एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं. वय सत्तरीच्या आसपास, हळू बोलायचे, प्रत्येक वाक्य लिहून घ्यायचे. आम्ही चौघंही गेलो होतो, आई सोडून. उर्मिला मुलीला मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीत बसली होती. आली का, तर येताना मुलीला दवाखान्यात दाखवायचं होतं.

निकमांनी सगळं विचारलं. माझे पैसे कुठून, कर्ज कुणाच्या नावावर, हप्ता कुणाच्या पगारातून. माझ्या नवऱ्याचंही विचारलं, आणि म्हणाले, मृत्युपत्र करून ठेवा, कशाला काळजी करता. मग त्यांनी लिहिलं, दोघांचा प्रत्येकी अविभक्त निम्मा हिस्सा, म्हणजे भिंत न घालता निम्मं-निम्मं. मला फार बरं वाटलं ते ऐकून. इतक्या वर्षांत मी असले शेकडो शब्द टाइप केले होते, पण एकही माझ्या मालकीचा नव्हता.

मग निकमांनी चष्मा काढला आणि विचारलं, "या व्यवहारात घरातल्या आणखी कुणाचे पैसे लागलेत का? असतील तर आताच सांगा. एकदा लिहून झालं की नंतर भांडणं होतात, आणि ती मग माझ्याकडंच येतात."

"नाही," जयसिंग म्हणाला. लगेच.

मी मागं वळून बघितलं. उर्मिला माझ्याकडंच बघत होती. मुलीच्या कपाळावर हात होता तिचा, आणि त्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या. तिनं मान हलवली नाही, डोळे मोठे केले नाहीत, काही नाही. नुसती बघत राहिली. मग माझी नजर जयसिंगकडं गेली. त्याचा चेहरा स्पष्ट सांगत होता, तुला तुझं मिळालं ना? आता ताणू नकोस.

निकम वाट बघत होते. "तुमचं काय, शालनताई?"

"नाही," मी म्हणाले.

एक शब्द. नोंदणी कार्यालयात ओरडून ओरडून माझ्यासाठी भांडलेली मी, एवढ्या हळू आवाजात तो शब्द बोलले की निकमांनी पुन्हा विचारलं, आणि मी तो पुन्हा म्हणाले.

मी स्वतःला काय सांगितलं, ते आजही मला शब्दाशब्दानं आठवतं. नवरा-बायकोचा मामला आहे. नवऱ्याचं ते तिचं. मी मध्ये बोलले तर जयसिंग बिथरेल, सगळंच फिसकटेल. बाईनं स्वतः तोंड उघडायला नको का? मी नाही का उघडलं? हे सगळं मी इतक्या झटपट आणि इतक्या सफाईनं स्वतःला पटवलं, की बबनलाही जमलं नसतं. तिला पगार नव्हता, तिच्याकडं ड्राफ्ट नव्हता, ती तोंड उघडून कुठं जाणार होती, हे मला त्या खुर्चीत बसून सुचलं नाही. सुचू दिलं नाही मी.

दस्त झाला. आम्ही नव्या घरात आलो. रुक्मिणीनगरमध्ये दुसऱ्या मजल्यावर, दोन बेडरूम. एक जयसिंग-उर्मिलाची, एक माझी आणि आईची. दारावर पाटी लागली, जयसिंग मोहिते, शालन मोहिते. पाटीवर माझं नाव दुसरं होतं त्यावरूनही मी एक दिवस कुरबुर केली. असला हक्काचा माज चढला होता मला.

दोन वर्षं गेली. दुकान चांगलं चाललं. जयसिंगनं जुनी चारचाकी घेतली, पांढरी. त्या रविवारी दुपारी जेवणं झाली होती. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आतून उर्मिलाचा आवाज आला. ती हळूच विचारत होती.

"गाडी झाली. आता माझ्या पाटल्यांचं बघाल का? पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. आई विचारते, हातात काय घालणार."

"होतील की. घाई काय?"

"दोन वर्षं झाली. सहा महिन्यांत करून देतो म्हणाला होतात."

"हिशेब मागतेस का मला?"

"माझ्या वडिलांच्या घामाच्या होत्या त्या. मागणार नाही तर काय करू?"

मग काहीतरी आदळलं. मी ओले कपडे तिथंच टाकून आत गेले. जयसिंग उभा होता, त्याच्या पायाशी जेवणाचं ताट पालथं पडलं होतं. आई भिंतीशी बसली होती. त्यांची मुलगी शेजारी खेळायला गेली होती, हे त्यातल्या त्यात बरं.

"वडिलांच्या घामाचं ऐकायचं असेल तर वडिलांच्या घरी जा," तो ओरडला. "माझ्या घरात हे चालणार नाही. चल, नीघ. आत्ताच्या आत्ता!"

"जा बाई," आई म्हणाली. "चार दिस म्हायेरी जाऊन ये. त्याचं डोस्कं थंड होईस्तवर."

उर्मिला हलली नाही. "घर माझं नाही का?"

"नाही!" जयसिंगनं दाराकडं हात केला. "वाच पाटी. दोन मालक आहेत या घराला. मी आणि ताई. विचार तिला, तुझं नाव कुठं आहे ते."

तो माझ्याकडं वळला. साक्ष द्यायला बोलावल्यासारखा. इस्लामपूरची ती दुपार माझ्यापुढं पुन्हा उभी राहिली, आणि या वेळी दारात उभं राहून बघणारी मी होते. नुसती बघणारी नाही. ज्या कागदावर बोट ठेवून तो तिला बाहेर काढत होता, त्याच्यावर निम्मी सही माझी होती. माझ्या नावाचाच हा उपयोग होत होता. एवढ्यासाठी मी नोंदणी कार्यालय डोक्यावर घेतलं होतं?

उर्मिला माझ्याकडं बघत म्हणाली, "ताई, त्या दिवशी वकिलांनी विचारलं होतं. तुम्ही मागं वळून माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, तुम्ही तरी सांगाल."

मी उर्मिलाजवळ जाऊन उभी राहिले.

"जयसिंग," मी म्हणाले, "तू म्हणालास ना, निम्मं घर माझं आहे? मग माझ्या निम्म्यात ती राहील. तुझ्या निम्म्यातून बाहेर काढायचं असेल तर आधी मला दाखव, तुझं निम्मं कुठून कुठपर्यंत आहे."

"ताई, तू मध्ये पडू नकोस. हा आमचा नवरा-बायकोचा मामला आहे."

"हेच मी दोन वर्षांपूर्वी स्वतःला सांगितलं होतं. तुझं निम्मं म्हणजे तिच्या पाटल्या आणि राणीहार आहे, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. आपण दोघंही वकिलांपुढं खोटं बोललो. तुला लाज वाटत नसेल. मला वाटते."

"आता वाटते? दोन वर्षांनी?"

"हो. दोन वर्षांनी. उशीर झाला हे मला सांगू नकोस, ते तिला सांगू दे."

तो चावी घेऊन खाली गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आई म्हणाली, "घर मोडशील तू, शालन." मी ताट उचललं. उर्मिलानं ते माझ्या हातून घेतलं आणि धुवायला गेली.

जयसिंगला मी चार दिवस दिले. त्याच्या निम्म्यातला भाग उर्मिलाच्या नावे कर म्हटलं. त्यानं ऐकलं नाही, आणि ऐकायला लावणारा कुठलाही ड्राफ्ट आता माझ्या पर्समध्ये नव्हता. म्हणून पाचव्या दिवशी मी उर्मिलाला घेऊन निकमांकडं गेले. माझ्या हिश्श्यातला निम्मा, म्हणजे घराचा चौथा भाग, उर्मिलाच्या नावे करायचा आहे म्हटलं. जे भावानं द्यायला हवं होतं ते मी माझ्यातून देत होते, आणि हप्ते तर अजून सात वर्षं माझ्याच पगारातून जायचे होते. याचा मला राग आला का? आला. भयंकर आला. पण तो राग घेऊनही जायचं तर होतंच.

पुढचं आधीच सांगून टाकते. जयसिंग दीड वर्ष माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला, आधी आईच्या औषधांबद्दल, मग इतर. आज सतरा वर्षं झाली पहिल्या दस्ताला. आम्ही त्याच घरात आहोत. आई गेली. दारावरच्या पाटीवर तीन नावं आहेत. 'माझं घर' हे शब्द जयसिंगच्या तोंडून त्यानंतर मी कधी ऐकले नाहीत. तो 'आपलं घर' म्हणतो, किंवा नुसतं 'घर'.

तर त्या पाचव्या दिवशी निकमांनी बक्षीसपत्राचा, म्हणजे मोबदला न घेता हिस्सा देण्याच्या कागदाचा, मसुदा वाचून दाखवला. उर्मिला माझ्या शेजारी बसली होती, या वेळी पुढच्या खुर्चीत. एका ओळीवर मी त्यांना थांबवलं. "हे काय लिहिलंय? 'प्रेम व आपुलकीपोटी'?"

"बक्षीसपत्र असंच लिहावं लागतं."

"पण हे खरं नाही. प्रेमापोटी कसलं? तिचे दागिने गेलेत या घरात. तिचंच तिला देतेय मी. तसं लिहा."

"तसं लिहिलं तर ते बक्षीसपत्र राहणार नाही." निकमांनी मसुदा टेबलावर ठेवला. "खरं लिहायचं असेल तर दोन वर्षांपूर्वी लिहिता आलं असतं, शालनताई. मी विचारलं होतं. दोनदा."

मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात साहेबांनी मला विचारलं, "राजीखुशीनं देताय ना? कुणाचा दबाव नाही?" मी हो म्हणाले. मग त्यांनी कागद उर्मिलापुढं सरकवला. तिनं लगेच सही केली नाही. ओळीखाली बोट ठेवून ती सगळा कागद वाचत गेली, आणि मी दाखवलेल्या त्याच ओळीवर येऊन थांबली.

"एवढं मात्र खोटं आहे," ती म्हणाली.

"हो."

"असू दे." तिनं पेन उचललं. "ताई, हे तुमच्याकडचं झालं. त्यांच्याकडचं अजून राहिलंय. ते मी सोडणार नाही."

आणि तिनं सही केली, मोठ्या अक्षरात, इतकं दाबून की खालच्या पानावरही ती उमटली.